गाडीतली बाई, शेजारची बाई

या शहरात गाडी चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक माणसाने तिचं ऐकलेलं आहे. डॉक्टरांनी ऐकलंय, पोलिसांनी ऐकलंय, बँकेचे मॅनेजर रोज सकाळी ती सांगेल तिथे मुकाट वळतात. टॅक्सीवाले तिला शिव्या घालतात, पण घालता घालता ऐकतात. फक्त एक माणूस तिचं ऐकत नाही, आणि तिचं लग्न नेमकं त्याच्याशीच झालेलं आहे.

तसं म्हटलं तर तोही ऐकतो. पण ते कसं, हे सांगायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल.

ती मूळची बस डेपोतली निवेदिका. डेपोच्या वरच्या मजल्यावर काचेची एक खोली होती. खोलीत टेबलपंखा, मान वाकडी झालेला माइक आणि ती. कुठली बस कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येणार, कोणाचं मूल हरवलं, कोणाची छत्री सापडली, हे सगळं ती एकाच सुरात सांगायची. डेपोत तिला अनाउन्सरबाई म्हणत, आणि हळूहळू गल्लीतही तेच नाव चिकटलं. तिच्या एका वाक्यावर शे-दीडशे माणसं सामानसुमान उचलून पळत सुटायची. तीच बाई संध्याकाळी घराचा उंबरा ओलांडायची तेव्हा तिचा आवाज निम्म्यावर आलेला असायचा, आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटीला प्रश्न लागायचा. "खिडकी लावली तर बरं होईल का?" "हा फ्रिज जरा मोठा नाही होणार आपल्याला?" "मुलीला त्याच कॉलेजात घालायचं का?" उत्तर यायचं, आणि ती "बरं" म्हणायची. फ्रिज आजही स्वयंपाकघराच्या दारात अर्धा बाहेर उभा आहे. त्याला वळसा घालून आत जावं लागतं.

मग डेपोत कॉम्प्युटर आला आणि काचेची खोली जुन्या फायलींना मिळाली. बाई घरी बसल्या. पण त्याच सुमारास एका स्टुडिओतून बोलावणं आलं. मोबाइलवर रस्ता दाखवणारा नवा नकाशा निघत होता आणि त्याला आवाज हवा होता. डेपोत बस पकडताना कोणीतरी तिला ऐकलं होतं म्हणे.

स्टुडिओतलं काम मोठं विचित्र होतं. सबंध वाक्य म्हणायचंच नाही, फक्त तुकडे. "दोनशे मीटरवर" वेगळं, "डावीकडे" वेगळं, "वळा" वेगळं. तेही तीन तऱ्हांनी, कारण तुकडा वाक्याच्या सुरुवातीला येतो तेव्हा सूर चढा लागतो, मधे आला तर सपाट आणि शेवटी आला तर उतरता. यंत्र मागाहून हवे ते तुकडे जोडून घेणार. काचेपलीकडे कानाला हेडफोन लावून बसलेला रेकॉर्डिस्ट पहिल्या दिवशी सारखा थांबवायचा. "ताई, विनंती होतेय. विनंती नको. समोरचा ऐकणारच आहे असं धरून बोला." समोरचा ऐकणारच आहे असं धरून बोलणं तिला आजवर काचेच्या खोलीतच जमलेलं होतं. हीही काचेचीच होती. दुसऱ्या दिवसापासून तिने असे काही तुकडे पाडले की रेकॉर्डिस्ट म्हणाला, तुम्ही सांगितलंत तर मी भिंतीतसुद्धा वळेन.

लोक खरंच भिंतीत वळले. नकाशा करणाऱ्यांनी रस्ते कुठून गोळा केले होते देव जाणे, पण बाईंच्या स्पष्ट, धीरगंभीर आवाजात माणसं भलभलत्या ठिकाणी पोचू लागली. समोरच्या ब्लॉकमधले वकील एकदा कोर्टाऐवजी दूध डेअरीच्या आवारात शिरले आणि तिथल्या टँकरच्या रांगेत अडकून पडले. संध्याकाळी ते जिन्यात बाईंना गाठून म्हणाले, "अहो, काय सांगता तुम्ही! तारीख चुकली माझी." बाईंनी माफी मागितली. दुसरं काय करणार? आपण फक्त "सरळ जा" एवढंच म्हटलं होतं आणि तेही तीन तऱ्हांनी, हे वकिलाला जिन्यात पटवून देणं कोणाला शक्य आहे?

आता नवरा. तो लिफ्ट तपासनीस. गावोगावच्या उंच इमारतींमधल्या लिफ्ट नीट चालतात की नाही हे बघून शिक्का मारायचा, हे त्याचं काम. त्यामुळे गाडी रोजची आणि यंत्रावर श्रद्धा अपार. "यंत्र कधी थापा मारत नाही," हे त्याचं लाडकं वाक्य. "माणूस म्हणतो, मला वाटतं. यंत्राला वाटत-बिटत नाही." नकाशा फोनवर आला तेव्हा त्याला बायकोचा आवाज ओळखू आला, नाही असं नाही. चार दिवस त्याने ऑफिसात मिरवलंही. पण बायकोला मात्र त्याने लगेच जमिनीवर आणलं. "आवाज तुझा आहे गं. अक्कल वरून येते, उपग्रहातून. तू नुसता घसा."

त्यानंतर गाडीत जे सुरू झालं ते ऐकून कोणालाही हसू फुटलं असतं, फक्त तिला सोडून. ती शेजारी बसून म्हणायची, "इथून आत गेलं तर लवकर नाही का होणार?" फोन म्हणायचा, "सरळ जा." दोन्ही आवाज एकाच गळ्यातले. तो फोनचं ऐकायचा आणि वर तिलाच सांगायचा, "थांब गं, ती सांगतेय ना." ती! आपल्याच आवाजाची सवत नशिबी यावी, ही गोष्ट कोणापाशी बोलून दाखवायची सोय नव्हती. आयुष्यात तिने फार काही मागितलं नव्हतं. एवढंच वाटायचं, की या माणसाने एकदा, निदान एकदा, शेजारी बसलेल्या बाईचं ऐकावं.

तर एके दिवशी स्टुडिओतून पुन्हा फोन आला. नकाशाची नवी आवृत्ती निघणार होती, नवा आवाज घेणार होते. चार-पाच जणींना चाचणीला बोलावलं होतं, त्यात ती एक. सकाळी अकराच्या आत पोचायचं, उशीर झाला तर पुढचीला आत घेणार. नवऱ्याने त्या दिवशी मुद्दाम सुट्टी काढली आणि म्हणाला, "मी सोडतो. बसने कुठे धक्के खात जातेस." माणूस वाईट नव्हता. तीच तर पंचाईत होती.

गाडीत फोन अडकवायचं स्टँड केव्हाच निकामी झालेलं होतं. त्याची रबरी वाटी काचेला धरतच नसे. म्हणून फोन मांडीवर धरून बसणं हे बाईंचं काम.

"अहो, मोठा पूल बंद आहे ना?" ती म्हणाली. "परवा बसमधून पाटी दिसली मला. दुरुस्तीची."

"बंद असता तर तिने सांगितलं नसतं?"

"पाटी होती पण."

"कसली तरी असेल. पाट्या काय, लावतात आणि विसरतात."

"बरं," ती म्हणाली.

पूल बंद होता. नुसता बंद नव्हता, मधला भाग उकरलेला होता आणि अलीकडे पिंपांची रांग लावून ठेवली होती. पिंपावर बसून चहा पिणाऱ्या कामगाराने त्यांच्याकडे, चुकलेल्यांतला आणखी एक आला, अशा नजरेने पाहिलं. "सरळ जा," मांडीवरून फोन म्हणाला. नवऱ्याने चडफडत गाडी वळवली. फोनने मार्ग पुन्हा शोधला आणि शोधून शोधून, पुढच्या चौकातून वळून त्याच पुलावर यायला सांगितलं. नवरा वळलाही. कामगाराने या वेळी हात हलवून ओळख दाखवली.

पावणेअकरा वाजत आले होते. खालच्या अंगाला गिरणीजवळ एक जुना, अरुंद पूल आहे, हे तिला माहीत होतं, कारण डेपोतली एक बस तिकडून जायची आणि तिचं नाव तिने रोज पुकारलेलं होतं. "गिरणीकडून जायचं का?" असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि तेवढ्यात हातातला फोन गेला. सकाळपासून उन्हात तापून तापून त्याने एकदाचा जीव सोडला. काच काळी. बटण दाबलं, दोनदा दाबलं, काही नाही.

नवऱ्याचं लक्ष रस्त्यावर होतं. "काय म्हणतेय ती? गप्प का झाली?"

बाईंनी काळ्या काचेकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर तोंड फिरवलं आणि पाठ ताठ केली. समोरचा ऐकणारच आहे.

"दोनशे मीटरवर," तिने सांगितलं, "डावीकडे वळा."

तो डावीकडे वळला.

तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. दोनशे मीटर म्हणजे नेमकं किती हेही तिला ठाऊक नव्हतं, वळण आपलं समोर आलं म्हणून आकडा ठोकून दिला होता. "पाण्याच्या टाकीनंतर उजवीकडे वळा." तो वळला. लाकडांच्या वखारींमधून रस्ता जात होता, ट्रकवाले मधेच उभे होते. "वेग कमी करा," ती म्हणाली. गाडी हळू झाली. "नवीन काहीतरी घातलेलं दिसतंय," नवरा कौतुकाने म्हणाला, "पूर्वी असं सांगत नव्हती." वखारीतला भुसा आत उडायला लागला तेव्हा बाईंना राहवेना. "चालकाने काच वर घ्यावी." त्याने काच वर घेतली. इतक्या वर्षांत त्याने तिच्या सांगण्यावरून एक खिडकी लावली नव्हती.

जुना पूल, गिरणीची भिंत, मग शाळा, आणि स्टुडिओची पायरी. पोचले तेव्हा अकराला थोडा वेळ होता. बाईंचा जीव भांड्यात पडला. नवऱ्याने हँडब्रेक ओढला आणि विजयी चेहऱ्याने तिच्याकडे वळला. "बघितलंस? तुझं ऐकत बसलो असतो ना, तर अजून त्या पुलावरच असतो."

सांगावं का? शब्द ओठांवर आला होता. पण सांगितलं तर पुढच्या वेळी हा त्या आवाजाचंही ऐकणार नाही, हे तिला लख्ख दिसलं. तिने फोन पर्समध्ये टाकला. "बरं," म्हणाली आणि उतरली.

आत तोच रेकॉर्डिस्ट होता, आता डोक्यावर टक्कल पडलेलं. सोबत कंपनीकडून आलेली एक चुणचुणीत मुलगी. बाई माइकसमोर बसल्या, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात "दोनशे मीटरवर" म्हणाल्या. मुलीने हात वर केला.

"नाही नाही, हे नको. लोकांना आता हुकूम आवडत नाहीत. अंगावर आल्यासारखं वाटतं म्हणतात. आम्हाला घरचं माणूस शेजारी बसल्यासारखं हवंय. तुम्ही घरी कशा बोलता?"

"घरी?"

"हो. समजा तुमचे मिस्टर गाडी चालवतायत. तुम्हाला वाटतंय, डावीकडून गेलेलं बरं. तर काय म्हणाल?"

बाईंचा आवाज आपोआप निम्म्यावर आला. "इथून डावीकडून गेलं तर बरं पडेल का?"

मुलीने रेकॉर्डिस्टकडे पाहिलं. रेकॉर्डिस्टने हेडफोन कानावर घट्ट दाबले.

"आणि त्यांनी ऐकलं नाही, पुढे निघून गेले तर?"

"तर काय? बरं. राहू द्या. पुढून घेऊ या का?"

"आणि चिडले तर?"

"बरं."

"नुसतं बरं?"

"नुसतं."

मुलगी खुर्चीत उडालीच. हाच, हाच आवाज ती गेला महिनाभर शोधत होती म्हणे. बाकीच्या जणींना चहा देऊन परत पाठवलं. आता तुकडे पाडायची भानगड नव्हती. बाईंनी काही दिवस यायचं, घरी बोलतात तसं बोलत राहायचं, पुढचं सगळं यंत्र आपलं आपण शिकणार. नवी आवृत्ती नुसती बोलणार नव्हती, चालक काय म्हणतो ते ऐकून उत्तरही देणार होती. बाई रोज बसने जाऊन घरच्यासारखं बोलून आल्या. त्या कामाचे त्यांना पैसेही मिळाले, ही त्यातली सगळ्यात मोठी गंमत.

नवी आवृत्ती आली आणि शहराने तिला डोक्यावर घेतलं. समोरचे वकीलसुद्धा जिन्यात थांबून म्हणाले, "आता कसं, माणसाशी बोलल्यासारखं वाटतं. परवा पुन्हा डेअरीतच गेलो, पण राग नाही आला."

एक लिफ्ट तपासनीस तेवढा वैतागला. ज्या यंत्राचं त्याने डोळे मिटून ऐकलं, तेच आता विचारायला लागलं होतं. "ही काय विचारते मला? हिला माहीत नाही का?" डावीकडून जायचं का म्हटलं की हा हटकून उजवीकडे जायचा. पूर्वी तो चुकायचा तेव्हा दोष नकाशाचा होता. आता नकाशा बरोबर असला, तरी हा चुकायचा.

अशात त्याला एका लांबच्या, नव्याने वसत असलेल्या वसाहतीत लिफ्ट तपासायची होती. दुपार मोकळी म्हणून बाईही निघाल्या, तेवढंच बाहेर पडणं. फोन मांडीवर. वसाहतीत शिरल्यावर सगळ्या इमारती एकसारख्या अर्धवट, सगळे रस्ते एकसारखे कच्चे.

"इथून डावीकडून गेलं तर बरं पडेल का?" फोन म्हणाला.

"काही नको." तो सरळ गेला. पुढे खडीचा ढीग आडवा. मागे घेतली, उजवीकडे घातली. तिकडे खड्डा.

"राहू द्या. मागे वळून पहिल्या गल्लीतून घेऊ या का?"

"तू मला शिकवू नकोस!" तो खेकसला. "तुला काय कळतंय रस्त्यातलं? गप्प बस जरा!"

"बरं," फोन म्हणाला.

नवऱ्याने चमकून शेजारी पाहिलं. "तू काही बोललीस?"

"मी कुठे? मी तर घरापासून एक शब्द बोलले नाहीये."

ते खरं होतं. तिचे ओठ मिटलेले होते आणि ती खिडकीबाहेर बघत होती. पण ते "बरं" त्याच्या ओळखीचं होतं. फ्रिज घेताना ऐकलेलं होतं, मुलीच्या कॉलेजच्या वेळी ऐकलेलं होतं, पाठमोरं असताना, पेपरमागून, दार लावून घेता घेता ऐकलेलं होतं. त्याच्या आधी आपण काय बोलतो, ते मात्र त्याने आज पहिल्यांदा ऐकलं होतं. एरवी ते बोलताना आपलं बरोबरच आहे एवढंच त्याला ऐकू यायचं. आज समोर बिचारं एक यंत्र होतं, ज्याचं काहीही चुकलेलं नव्हतं.

त्याने गाडी खडीच्या ढिगाला लागून उभी केली.

"मी असा बोलतो?"

"फोनशी?"

"नाही."

बाईंना वाटलं, म्हणावं, नाही हो, असं काही नाही, दगदग होते तुमची. सवयीने ते सगळं तयारच होतं. पण घशाशी आलं आणि तिथेच थांबलं.

"हो," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. मग तिच्या मांडीवरचा फोन उचलला, बंद केला आणि मागच्या सीटवर टाकला. समोर रस्ता दुभंगत होता. एक फाटा सिमेंटच्या गोण्यांकडे, एक पाण्याच्या टँकरकडे. त्याने आधी इकडे पाहिलं, मग तिकडे, मग शेजारी.

"कुठून घेऊ?" त्याने विचारलं. "तू सांग."

तिने काच खाली केली आणि डोकं बाहेर काढून नीट पाहिलं. दोन्हीकडे सारख्याच अर्ध्या भिंती, सारखीच धूळ. या बाजूला ती जन्मात कधी आलेली नव्हती. कुठलीही बस इकडे यायची नाही, कुठल्याही फलाटावरून तिने या जागेचं नाव पुकारलेलं नव्हतं. इतकी वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो शेवटी या असल्या जागी आला होता, आणि नवरा खरोखर थांबला होता, तिच्या तोंडाकडे बघत.

"मला नाही माहीत," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. त्याने इंजिन बंद केलं, आणि कोणी येताना दिसलं तर विचारता येईल म्हणून दोघं तिथेच बसून राहिले.